पाहुणा अजगर: ठेवायचा की पाठवायचा?

मैत्रिणींनो, पावसाची झड लागली, भातलावणी उरकत आली, की आपल्या भोर-वेल्ह्याकडे एक बातमी हमखास कानावर येते. "अमक्याच्या गोठ्यात अजगराचं पिल्लू निघालं!" कधी ते सरपणाच्या ढिगात असतं, कधी पेंढ्याच्या गंजीखाली, तर कधी चक्क मोरीच्या कडेला. मग घरात दोन तट पडतात. एक तट काठी शोधायला धावतो. दुसरा म्हणतो, "अगं, अजगर बिनविषारी असतो. राहू दे की चार दिवस. पोरांना तेवढीच गंमत!"

काठीवाल्यांना समजावणारे आता गावोगाव आहेत. सर्पमित्र आहेत, शाळेत धडे आहेत. पण दुसऱ्या तटाशी, म्हणजे मायेनं पिल्लू ठेवून घेणाऱ्यांशी, फारसं कोणी बोलत नाही. त्यातच मुलं मोबाइलवर परदेशातली चित्रं बघतात. तिकडचा दहा वर्षांचा मुलगा गळ्यात अजगर घालून हसत असतो. मग आपला बंड्या विचारतो, "आई, आपण पण पाळू या ना?" त्याला नुसतं "गप्प बस" म्हणून भागत नाही, कारण प्रश्न रास्त आहे. कुत्रं पाळतो, मांजर पाळतो, मग हे का नको? आजचा लेख त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे.

पहिली गोष्ट: ते अजगरच आहे का?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. गेल्या काही वर्षांत मुलांनी वर्गात काय काय आणून दाखवलं त्याची यादी केली तर दुसरा लेख होईल. एकदा सातवीतल्या एका मुलानं मधल्या सुट्टीत हळूच सांगितलं, "बाई, माझ्याकडं अजगराचं पिल्लू हाय. बरणीत ठेवलंय. दूध-पाव घालतोय, पण खात न्हाई." दोन दिवस ती बरणी त्याच्या अंथरुणाशेजारी होती. झाकणाला भोकं पाडलेली. वनखात्याचा माणूस आला, त्यानं लांबूनच बरणीकडं पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "झाकण कुणी उघडलंय का?" ते पिल्लू घोणशीचं होतं.

हा घोटाळा पुष्कळांचा होतो. घोणस म्हणजे नाग, मण्यार आणि फुरसं यांच्या पंक्तीला बसणारा जहाल विषारी साप. तिच्या अंगावर तपकिरी ठिपके, अजगराच्या अंगावरही तपकिरी नक्षी. दोघींचं अंग जाड, चाल संथ. त्यातून घोणस अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते, तेही एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. ही पिल्लं साधारण मे ते जुलैच्या सुमारास दिसू लागतात आणि अजगराची अंडी फुटतात तीही याच हंगामाच्या आसपास. शिवाय घोणशीचं पिल्लू जन्मल्या दिवसापासून विषारी असतं. "एवढंसं तर आहे" हे तिच्या बाबतीत म्हणायची सोय नाही.

ओळखीच्या खुणा सांगते. पण त्या लांबून बघायच्या, हातात धरून नव्हेत. घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, साखळीच्या कड्यांसारख्या आखीव. तिचं डोकं त्रिकोणी, आणि खवले खरखरीत. डिवचली की कुकरची शिट्टी व्हावी तसा मोठा फूत्कार करते. अजगराची नक्षी आखीव नसते. नकाशातल्या तालुक्यांसारखे लहान-मोठे, वेडेवाकडे तुकडे असतात. खवले गुळगुळीत, तेल लावल्यासारखे चकचकीत. डोक्यावर भाल्याच्या टोकासारखी खूण दिसते. अजगराचं नुकतं जन्मलेलं पिल्लूसुद्धा दीड-दोन फूट लांब असतं, घोणशीचं मात्र वीतभर किंवा थोडं अधिक.

यात तिसरा एक साप गोंधळ वाढवतो, तो म्हणजे डुरक्या घोणस. नावात घोणस असली तरी हा बिनविषारी. शेपूट आखूड आणि बोथट, अंगावर वेडीवाकडी नक्षी, हात-दीड हात लांबी. अजगर समजून याला पाळतात, घोणस समजून मारतात. तेव्हा खुणा पाठ असल्या तरी घरातला नियम एकच ठेवा: नक्षीदार, जाडसर साप दिसला की तो घोणसच आहे असं धरून चालायचं. ओळख पटवण्याचं काम जाणकाराचं.

आईविना पोरकं? मुळीच नाही

समजा, जाणकारानं पाहिलं आणि ते खरोखरच अजगराचं पिल्लू निघालं. आता आपलं आईचं मन बोलायला लागतं. "एवढंसं पोर, आई कुठं गेली असेल बाई याची? पावसात कुठं सोडायचं?" ही माया समजण्यासारखी आहे. म्हणूनच अजगराच्या घरची रीत माहीत हवी.

अजगराची मादी उन्हाळ्याच्या सुमाराला एखाद्या ढोलीत, बिळात किंवा कपारीत अंडी घालते. ती काही डझन असू शकतात. आणि मग ती जे करते ते ऐकून तुम्हांला नवल वाटेल. सगळी अंडी गोळा करून ती त्यांच्याभोवती वेटोळं घालते आणि जवळजवळ दोन महिने तशीच बसून राहते. या काळात ती काही खात नाही. हवा गार झाली तर अंगाचे स्नायू थरथर हलवून ऊब निर्माण करते. सापासारख्या थंड रक्ताच्या प्राण्यानं स्वतःच्या अंगातून ऊब काढावी, हे शास्त्रज्ञांनाही पूर्वी खरं वाटत नव्हतं. १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात अंड्यांवर बसलेल्या अजगरिणीचं तापमान मोजलं तेव्हा त्याची शास्त्रात नोंद झाली.

पण अंडी फुटली की तिचं काम संपलं. ती निघून जाते. पिल्लांना भरवणं, शिकवणं काही नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून आपल्या पायावर उभं, पाय नसले तरी! पहिली कात टाकली की ते पहिली शिकार शोधायला लागतं: उंदराची पिल्लं, सरडे, छोटे पक्षी. म्हणजे तुमच्या गोठ्यात सापडलेलं पिल्लू हरवलेलं नसतं, उपाशी नसतं, पोरकं तर नसतंच. ते वाटेवर असतं. बहुधा तुमच्या कणगीभोवती फिरणाऱ्या उंदरांचा वास घेत आलेलं असतं.

हिर्डस मावळ असो, वेळवंड खोरं असो की कानद, गुंजवणीचं खोरं असो, आपल्याकडचं मुख्य पीक भात. भात म्हटलं की उंदीर आणि घुशी आल्याच. बांध पोखरतात, लोंब्या तोडतात, बिळात साठवतात. अजगर हा त्या उंदीर-घुशींचा बिनपगारी राखणदार आहे. त्याला बरणीत घालणं म्हणजे राखणदाराला कोठडीत डांबून चोरांना मोकळं सोडणं.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. त्याला मारणं गुन्हा, तसंच पकडणं आणि घरात ठेवणं हाही गुन्हाच. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड. "आम्ही मारला नाही, उलट खायला घालत होतो" हे उत्तर तिथं चालत नाही. कायद्याच्या भाषेत जंगली प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच.

मांडुळाचंही तसंच. दोन तोंडांचा म्हणून, गुप्तधन दाखवतो म्हणून, औषधाला लागतो म्हणून त्याचे लाखो रुपये येतात, अशा थापा मारणारे लोक गावोगाव फिरतात. मांडुळाला तोंड एकच असतं, शेपूट फक्त बोथट असते. धन कुणालाच मिळत नाही. घरातला तरणा मुलगा मात्र पोलिसांच्या गाडीत बसतो. घरात कुणाच्या तोंडी असला सौदा ऐकलात तर वेळीच कान उपटा.

मग ते परदेशातले अजगर?

आता तुम्ही म्हणाल, "पुण्या-मुंबईत लोक पाळतात म्हणे. अमेरिकेतल्या माझ्या भाच्याकडे आहे." खरं आहे. ते अजगर बहुधा आफ्रिकेतले. घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून मधे डोकं लपवतो, म्हणून त्याला बॉल पायथन म्हणतात. तीन ते पाच फुटांचा, स्वभावानं गरीब. तिकडे पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं विकत मिळतात.

आपल्याकडेही असे परदेशी प्राणी काही वर्षांत बरेच आले. त्यावर २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पाठोपाठ फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम आले. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असलेला प्राणी घरी असेल तर त्याची सरकारदरबारी नोंद करायची. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. बिनकागदाचा प्राणी कुणी "स्वस्तात देतो" म्हणाला तर तो घेणाऱ्याच्या अंगाशी येतो.

बॉल पायथनला काय लागतं हे आपण नीट पाहू. भाच्याला उपयोग होईल, आणि बंड्याला आपण "नको" का म्हणतो तेही त्यातून आपोआप उलगडेल.

अजगराचं जेवणखाण

आपल्या घरात पाहुण्याला काय लागतं? दूध, भाकरी, भात, फार तर मटणाचा तुकडा. यातलं एकही अजगराला चालत नाही. साप दूध पितो हा नुसता समज आहे. दूध त्याचं अन्नच नाही. तहानेनं व्याकूळ झालेल्या सापापुढं दुसरं काही नसेल तर तो कदाचित तोंड घालील, पण ते पचत नाही आणि पुढं त्याला त्रास होतो. मटणाचे तुकडेही उपयोगाचे नाहीत. अजगर अख्खा प्राणी गिळतो आणि हाडं, काळीज, आतडी असं सगळं मिळून त्याचं जेवण पुरं होतं. हाडांशिवाय त्याला कॅल्शियम मिळत नाही.

म्हणून पाळलेल्या अजगराला उंदीर द्यावा लागतो, तोही मापात बसणारा. अजगराच्या अंगाचा सर्वांत जाड भाग असेल साधारण तेवढ्या जाडीचा. पिल्लाला पाच ते सात दिवसांतून एकदा, मोठ्याला दोन ते चार आठवड्यांतून एकदा. जाणकार लोक जिवंत उंदीर देत नाहीत. पेटीत कोंडलेला उंदीर जिवावर उदार होऊन अजगरालाच चावतो, डोळा फोडतो. शिवाय उंदराचेही हालच. म्हणून मारून गोठवलेले उंदीर मिळतात ते आणतात. ते फ्रीजरमध्ये ठेवायचे, खालच्या कप्प्यात आणून हळूहळू वितळवायचे, मग कोमट पाण्यानं ऊब आणायची. शिजवायचे मात्र नाहीत.

ऊब का? अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांनी त्याला अंधारातही ऊब कळते. गार उंदीर त्याला जेवण वाटतच नाही. आणि याच कारणानं उंदीर हातानं द्यायचा नाही, लांब चिमट्यानं द्यायचा. उंदराचा वास आणि हाताची ऊब एकत्र आली की अजगराची गफलत होते. विष नसलं तरी त्याचे दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात. हात ओढून घेतला तर जखम आणखी मोठी होते.

जेवण झालं की दोन दिवस त्याला हात लावायचा नाही. मधेच उचलला तर तो खाल्लेलं ओकून टाकतो. अजगराचं पचन म्हणजे मोठा कारखाना सुरू होण्यासारखं आहे. एरवी जवळजवळ बंद असलेलं आतडं आणि यकृत जेवणानंतर फुगून मोठं होतं, शरीराची भट्टी अनेक पटींनी पेटते. पण त्यासाठी बाहेरून ऊब लागते. म्हणून पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश आणि दुसरी २५ अंशांच्या आसपास, अशी रात्रंदिवस ठेवावी लागते, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. थर्मामीटर लागतो, दिव्याचा ताप आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र लागतं, हवेत ओल राखावी लागते. आपल्याकडे वादळी पावसात वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. थंडीतल्या पहाटे तर माणसालाच गोधडीबाहेर यावंसं वाटत नाही. गारठलेल्या अजगराच्या पोटात उंदीर पचत नाही, सडतो.

आणि एवढं सगळं करूनही अजगर रुसून बसतो. कात टाकायच्या आधी डोळे दुधी होतात तेव्हा खात नाही. जागा बदलली तर खात नाही. थंडीच्या दिवसांत काही बॉल पायथन महिनोन् महिने उपाशी राहतात. पिंजऱ्यात जन्मलेल्याची ही कथा, तर रानातून धरून आणलेल्याचं काय होत असेल? भेदरलेलं पिल्लू बरणीत काही खात नाही. मग घरातलं कुणी तरी तोंड उघडून कोंबायला जातं. त्यात घास चुकीच्या जागी जातो, जबडा दुखावतो. आपल्या मायेनंच ते मरतं.

हिशेबाची वही काढू या. बॉल पायथन पंचवीस वर्षं सहज जगतो. पहिल्या वर्षी आठवड्याला एक धरला तर पन्नास उंदीर. पुढं तीन आठवड्यांना एक, म्हणजे वर्षाला सतरा. चोवीस वर्षांचे झाले चारशेच्या वर. एकूण साडेचारशेहून अधिक उंदीर घरच्या फ्रीजरमधून जायचे, आणि त्याच फ्रीजरमध्ये आपली मटारची पिशवी आणि मुलांचं आइस्क्रीम! ज्यांच्याकडे वेगळा फ्रीजर, वेगळी भांडी आणि वेगळी जागा आहे त्यांनीच या वाटेला जावं.

घरातली लहान मुलं आणि म्हातारी माणसं

सापाच्या अंगावर, विष्ठेत आणि पाण्याच्या भांड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. साप धडधाकट दिसतो, पण ते जंतू माणसाच्या पोटात गेले तर जुलाब, ताप, उलट्या सुरू होतात. तान्ह्या मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना ते जिवावर बेततं. अमेरिकेच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात साप, कासव, सरडे पाळूच नयेत. तेव्हा परदेशात सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला जात असाल आणि तिथं घरात अजगराची पेटी असेल, तर हा विषय संकोच न करता काढा. पेटी बाळाच्या खोलीत नको, तिचं भांडं स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचं नाही, आणि हात लावला की साबणानं हात धुवायचे. एवढे तीन नियम तरी पाळलेच पाहिजेत.

पिल्लू मोठं होतं

मुलांना पिल्लू हवं असतं, पण ते पिल्लू राहत नाही. आपल्या रानातला अजगर साधारण दहा फुटांचा होतो, काही त्याहून मोठे. पोटभर मिळालं तर तीन-चार वर्षांत तो घरातल्या कर्त्या पुरुषाच्या उंचीहून लांब होतो. मग त्याला एकट्यानं उचलायची सोय उरत नाही.

अशा वेळी लोक काय करतात ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात जगानं पाहिलं. तिथं हौसेनं बर्मी अजगर पाळले. मोठे झाल्यावर ते झेपेनात, तेव्हा काहींनी ते दलदलीच्या रानात नेऊन सोडले. १९९२ च्या वादळात एक पैदास केंद्रही मोडलं. ते तिथं माजले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की त्या भागात रॅकून नावाचा मांजराएवढा प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलं होतं. त्याच वर्षी अमेरिकेनं हे अजगर आणण्यावर बंदी घातली. पण रानात गेलेले काही परत आले नाहीत.

आणि आयुष्य तरी केवढं! अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक बॉल पायथन मादी आहे. १९६१ साली कुणा मालकानं ती तिथं आणून दिली. २०२० मध्ये, वयाच्या बासष्टीत, तिनं सात अंडी घातली! आज दहा वर्षांचा असलेला बंड्या शिकायला जाईल, नोकरीला जाईल, त्याचं लग्न होईल. पेटी मात्र आपल्याच गळ्यात. घरात कुत्र्याचं करतं कोण, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मग सापडलं तर करायचं काय?

वेल्ह्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणतात, पण बोलण्यात आपलं वेल्हेच आहे. भोर असो की वेल्हे, करायच्या गोष्टी त्याच. कागदावर लिहून कणगीच्या खोलीत चिकटवून ठेवा.

मुलांना आणि कोंबड्या-कुत्र्यांना लांब न्या. साप दिसतोय तोवर एका मोठ्या माणसानं दहा हात अंतरावरून त्याच्यावर नजर ठेवावी. नजरेआड झाला तर शोधत बसावं लागतं.

वनखात्याला कळवा. टोल-फ्री क्रमांक १९२६. तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयाचा आणि आपल्या गावच्या वनरक्षकाचा क्रमांक आजच टिपून ठेवा. संकट आल्यावर क्रमांक सापडत नाही हा सगळ्यांचा अनुभव.

पाणी ओतणं, रॉकेल टाकणं, काठीनं टोचणं यांतलं काही नको. फोटोसाठी उचलणं तर नकोच. सर्पमित्र आला आणि साप गळ्यात घालून मिरवायला लागला, तर त्याला मोठ्या बाईच्या अधिकारानं थांबवा. पकडलेला साप वनखात्याला कळवून त्याच भागात सोडणं हे त्याचं काम.

पिल्लू आधीच कुणी बरणीत घातलं असेल तर झाकण उघडू नका, दुसऱ्या भांड्यात काढू नका. बरणी सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि कळवा. पोरानं आपण होऊन सांगितलं असेल तर त्याला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि पुढच्या वेळी बरणीत काय असेल ते सांगता येत नाही.

आणि कुणाला चावलंच, तर "अजगरच होता" असं म्हणून घरी बसू नका. चिरा देणं, चोखणं, दोरीनं आवळणं, मंत्र, पाला काही नाही. अंगठी, बांगड्या काढा, हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला कळवा आणि दवाखाना गाठा. घोणशीच्या विषावर औषध आहे, पण ते वेळेत मिळालं तरच.

कोंबड्यांचं म्हणाल, तर खुराड्याला अर्ध्या इंचाची जाळी लावा आणि तळाशी फट ठेवू नका. सरपण घराच्या भिंतीला टेकून न रचता चार पावलं दूर रचा. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकू नका, त्यानं उंदीर येतात आणि उंदरांमागून साप. एवढ्यानं निम्मे पाहुणे बाहेरच्या बाहेर जातात.

बंड्याला काय सांगायचं?

नुसतं "नाही" म्हणू नका, त्याच्या कुतूहलाला वाट द्या. भोरहून पुण्याला जाताना स्वारगेटच्या आधी कात्रज लागतं. तिथं पुणे महापालिकेचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे आणि त्यात १९८६ पासूनचं सर्पोद्यान. ते उभारणारे नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत बहात्तर तास काढले होते. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटावं, हा त्यामागचा विचार. बुधवार सोडून कुठल्याही दिवशी मुलांना तिथं न्या. अजगर डोळे भरून पाहू द्या, त्याच्या ओठांवरचे खळगे शोधायला सांगा, घोणशीच्या साखळीचे ठिपके मोजायला सांगा. एकदा असं पाहिलेलं मूल गोठ्यातल्या सापाला हात लावणार नाही आणि दगडही मारणार नाही.

शेतात कात सापडली तर काठीनं उचलून वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत आणू द्या, नंतर हात धुवायला लावा. ती पाळायला परवाना लागत नाही आणि तिला उंदीरही घालावे लागत नाहीत!

नागपंचमीला आपण विळी हातात घेत नाही, तवा चढवत नाही, दिंडं उकडतो, पाटावर नाग काढून त्याला लाह्या वाहतो. ज्या बायकांनी ही रीत घातली त्यांनी साप घरात आणून ठेवा असं काही सांगितलं नाही. वर्षातून एक दिवस आपला हात आवरून धरा, एवढंच सांगितलं. अजगराच्या पिल्लाच्या बाबतीतही तेवढंच करायचं आहे. त्याला आपल्याकडून दूध नको, पेटी नको, नाव नको. बांधावरून पलीकडच्या रानात जायला मोकळी वाट तेवढी हवी.